पाटलांची राखण

डॉक्टरांकडे खोली मिळण्याआधी माझी चालण्याची परीक्षा झाली होती. खरंच सांगते. इंग्लंडात, मेडनहेडमधल्या त्यांच्या घरी आम्ही दोघं वरची खोली बघायला गेलो, तेव्हा त्यांनी ना नवऱ्याचा पगार विचारला, ना आम्ही किती महिने राहणार ते. स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून सिंकपर्यंत चालून दाखव, म्हणाले. मी चालले. "टाचा आपटतेस. परत," ते म्हणाले. मी परत चालले. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. पण स्टेशन जवळ, माझ्या स्लाऊच्या ऑफिसला सोयीचं, आणि घरमालक मराठी, अशी दुसरी खोली आम्हाला मिळणार नव्हती. तिसऱ्या खेपेला चवड्यांवर चालले तेव्हा त्यांनी किल्ली काढून टेबलावर ठेवली.

परीक्षेचं कारण मागच्या खिडकीत होतं. तिथून लांबलचक हिरवळ दिसायची, टोकाला लाकडी कुंपण, आणि पलीकडे गावाचं मोकळं गवताळ रान. शेजाऱ्यांच्या बागा कशा कातरून ठेवलेल्या. डॉक्टरांच्या हिरवळीवर मात्र जागोजागी मातीचे उंचवटे आणि त्यांवर गवताचे झुबके. ती मुंग्यांची वारुळं होती. ती मोडू नयेत म्हणून हा माणूस मशीन लावायचा नाही, चटईवर बसून कात्रीनं गवत कापायचा. आणि या वारुळांवर रोज सकाळी जेवायला यायचे पाटील.

पाटील म्हणजे हिरवा सुतारपक्षी. सुतारपक्षी म्हटलं की आपल्याला खोडाला चिकटून ठकठक करणारा पक्षी आठवतो. हा तसला नव्हे. याचा सगळा मुक्काम जमिनीवर, उघड्या गवतात. दोन उड्या मारायच्या, ताठ उभं राहून शिवारावर नजर टाकायची, मग चोच मातीत खुपसायची. कबुतराएवढा देह, अंगात हिरवा कोट, डोक्याला लाल पागोटं, वर मिश्या. मिशीत लाल असेल तर पाटील, नुसती काळी असेल तर पाटलीणबाई, असं डॉक्टर सांगायचे. माणसांना, म्हणजे मला, माझ्या नवऱ्याला, पोस्टमनला, ते सरसकट अरे-तुरे करत. पाटलांना कायम अहो-जाहो. "पाटील आलेत," एवढं कुजबुजले की घरात ज्याचा पाय जिथे असेल तिथेच राहायचा. मी एकदा हातात उकळत्या चहाचं पातेलं धरून अशी उभी राहिले होते. बोटं भाजली, पण ब्र काढला नाही.

डॉक्टर भूल देणारे. मिरजेहून तरुणपणी आले, सगळी नोकरी इथल्या हॉस्पिटलांत केली, बायको गेली आणि त्याच सुमारास निवृत्त झाले. मराठी त्यांचं मिरज सोडलं त्या दिवशीचंच राहिलं होतं. टीव्हीला दूरचित्रवाणी म्हणत, आणि गंमत म्हणून नव्हे. मागच्या दाराच्या बिजागऱ्यांना ते दर रविवारी खोबरेल तेल घालायचे. आधीच्या भाडेकऱ्यानं हिरवळीवर बॅडमिंटनचं फूल आणायला पाऊल टाकलं म्हणून त्याला महिन्याच्या आत खोली सोडायला लावली होती. हे त्यांनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात, जेवताना, अगदी सहज सांगितलं. तेव्हापासून माझ्या नवऱ्यानं धसका घेतला. तो आठवडाभर मँचेस्टरला प्रोजेक्टवर असे आणि शुक्रवारी आला की आधी मला विचारे, "काही झालं नाही ना?"

तसा माणूस रसिक. पाटलांची जीभ केवढी लांब असते हे समजवायला त्यांनी एकदा नवऱ्याला खुर्चीत बसवलं आणि पायजम्याची नाडी आणली. नाडीचं एक टोक त्याच्या ओठांशी धरलं आणि बाकीची गळ्याखालून, डोक्यामागून, टाळूवरून कपाळापर्यंत आणली. "अशी कवटीला वेढा घालून आत ठेवलेली असते. वारुळात सोडायची, मुंग्या चिकटतात, ओढून घ्यायची." नवरा तोंडात नाडी धरून मुकाट बसला होता. मी हसले, तर डॉक्टर माझ्याकडे असे बघायला लागले की मी पोळ्या लाटायला निघून गेले.

हे दोन हजार चार सालचं. त्या वर्षी मी गरोदर होते आणि जूनमध्ये, नववा लागायच्या आधी, आई फलटणहून आली. तिचं आयुष्यातलं पहिलं विमान. बाळंतपणाला लेकीकडे आलेली आई रिकाम्या हातानं कशी येईल? डिंक, अळीव, खारीक, सुंठ, बाळंतशेपा, सगळं जुन्या पातळांत गुंडाळून आणलं होतं. डॉक्टरांनी तिला एका शब्दानं हटकलं नाही. उलट डिंकाचा लाडू घेऊन खिडकीशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून खाल्ला. मी आईला बजावलं होतं, "त्या हिरवळीवर पाय ठेवायचा नाही. का ते विचारू नकोस, नाही म्हणजे नाही." आईनं मान डोलवली. डॉक्टरांच्या घरात सोवळं पाळतात असा तिचा समज झाला हे मला नंतर कळलं.

गुरुवारी डॉक्टर मेथी आणि कढीपत्ता आणायला स्लाऊला जायचे. त्या गुरुवारी मी वर झोपले होते. ऑफिसची रजा सुरू झाली होती आणि पाय सुजले होते. खाली आले तेव्हा दुपार टळली होती. डॉक्टर नुकतेच परतलेले, कोट अंगातच, आणि आई त्यांच्यापुढे चहा ठेवत होती. आईची स्वारी खुशीत होती.

"लाडवांच्या डब्याला मुंग्या हो," आई सांगत होती. "रांग बघत बघत गेले तर खिडकीतून थेट तुमच्या बागेत. म्हटलं इथे मारून काय होणार, मूळच बंद केलं पाहिजे. दिसली तेवढ्या वारुळांवर पावडर टाकली. एकटे राहता, कोण बघणार तुमचं. चप्पल काढून गेले हं मी, अनवाणी."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. आईला काहीच कळलं नव्हतं, तिचं चालूच होतं.

"आणि काय सुंदर पाखरू आलं होतं. हिरवं, डोकं लाल. बरोबर पिल्लू होतं, ठिपक्याठिपक्यांचं. हाकललं नाही मी. बराच वेळ दोघं टिपत होती."

"पावडर टाकायच्या आधी की नंतर?" डॉक्टरांनी विचारलं.

"नंतर."

"पिल्लानं खाल्लं?"

"ते तर जास्तच खात होतं," आई म्हणाली, आणि मग तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं.

ओरडतील, सामान बाहेर फेकतील, मला नवव्या महिन्यात पोट घेऊन खोली शोधावी लागेल, असं सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. ते ओरडले नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटली. "बाई, ती पावडर आणा," एवढंच म्हणाले. आईनं वर्तमानपत्रात बांधलेली पुडी आणली. फलटणच्या बाजारातून घेतलेली, परदेशात मुंग्या असल्या तर असावी म्हणून डिंकाशेजारी ठेवलेली. डॉक्टरांनी ती उघडून लांबूनच वास घेतला, पुन्हा बांधली, पिशवीत घातली, आणि साबण लावून हात धूत राहिले. मग त्यांनी पक्ष्यांचं काम करणाऱ्या एका संस्थेला फोन लावला. माझ्याशी बोलले ते फोन ठेवल्यावर. "पोटात गेलं ते गेलं, म्हणाली ती मुलगी. आता त्याच्यावर आणखी जायला नको. पिल्लू लहान आहे. आजचं पचवलं तरी उद्याचं पचवणार नाही."

आईला मी सगळं सांगितलं. "माझी आई वारुळाशी पीठ घालायची गं," म्हणाली, "आणि मी हे काय करून बसले?" मी तिची समजूत घालायला हवी होती. मी म्हटलं, "मी सांगितलं होतं ना तुला." इतकी चिडले होते.

संध्याकाळी घरातल्या सगळ्या चादरी बाहेर गेल्या. हिरवळ मोठी, वारुळं पसरलेली, चादरी पुरेनात. बाथरूमचा पडदा गेला, टेबलाचं कापड गेलं. मग आई वर गेली आणि आपली पातळं घेऊन आली. बारशाला नेसायचं म्हणून आणलेलं नवं पैठणीकाठाचंही त्यात होतं. एक टोक डॉक्टरांनी धरलं, दुसरं आईनं. दोघांनी मिळून पातळं पसरली आणि कडांना कुंड्या ठेवल्या. तरी कोपरे उघडेच राहिले, कारण पावडर आईनं मन लावून टाकली होती, गवतातसुद्धा.

दुसऱ्या दिवशी पहाटे डॉक्टर हिरवळीवर उभे होते. मी खिडकीत, त्यांच्या खुर्चीशेजारी. आई मागच्या दारात. बराच वेळ काही झालं नाही. मग कुंपणापलीकडून माणूस मोठ्यानं हसावा तशी पाटलांची हाक ऐकू आली आणि ते कुंपणावर येऊन बसले. एकटेच. पिल्लू नव्हतं.

डॉक्टरांनी हात हलवला. पाटलांनी मान वाकडी करून बघितलं आणि खाली उतरले, नेमके उघड्या कोपऱ्यात. डॉक्टर दोन पावलं पुढे गेले, टॉवेल हलवला. पाटील दोन उड्या बाजूला झाले आणि चोच गवतात घालायच्या बेतात उभे राहिले. या माणसानं वर्षानुवर्षं श्वास रोखून, पाऊल न वाजवता त्या पक्ष्याला एकच गोष्ट शिकवली होती, की मला घाबरायचं कारण नाही. तो शिकला होता.

"ओरडा ना," मी आतून म्हणाले. डॉक्टरांचं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. "पाटील, जा," असं काहीतरी पुटपुटले. विनवणी केल्यासारखं.

"असं नाही जायचं ते," दारातून आई म्हणाली. "डॉक्टर, मनापासून हाकला. दया नका दाखवू."

डॉक्टरांनी वाकून पायातला बूट काढला आणि फेकून मारला. तो पाटलांच्या इतक्या जवळ पडला की माती त्यांच्या अंगावर उडाली. त्याच क्षणी आई स्टीलच्या ताटावर उलथनं बडवत, "हाऽऽ हाऽऽ होऽऽ" करत बाहेर धावली. ज्वारी निसवून कणसं बाहेर आली की ती लहानपणी शेतातल्या माळ्यावर उभी राहून पाखरं राखायची, तो आवाज मेडनहेडमध्ये त्याआधी कुणी ऐकला नसणार. पाटील कर्कश ओरडत उडाले आणि रानाच्या पार टोकाला गेले. डॉक्टर एका पायात बूट, एका पायात मोजा असे उभे होते. शेजारची म्हातारी कुंपणावरून डोकावली आणि सगळं ठीक आहे ना, असं तिनं विचारलं. "पाहुणे आले होते," डॉक्टर इंग्रजीत म्हणाले. ती आत गेली.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मलाच माहीत. उजाडल्यापासून अंधारेपर्यंत डॉक्टर हिरवळीवर. आई ताट घेऊन दारात. पाटील यायचे, वेगवेगळ्या बाजूंनी यायचे, आणि प्रत्येक वेळी डॉक्टर धावून जायचे, ओरडायचे, ढेकळं फेकायचे. आवाज आता फुटला होता, घोगरा, ऐकवत नसे. आणि प्रत्येक वेळी पाटील गेल्यावर ते वळून मला विचारायचे, "धाकटे दिसले?" मी मान हलवायची. पिल्लू एकदाही आलं नाही. एवढी लहान पिल्लं बापाच्या मागे मागे असतात, आपलं आपण खायला शिकेपर्यंत सोडत नाहीत, हे डॉक्टरांनीच मला सांगितलेलं. त्यामुळे बाप एकटा येतो याचा अर्थ घरात सगळ्यांना कळत होता. गर्भारपणात माणूस हळवं होतं म्हणतात. मी त्या दिवसांत जिन्यावर बसून रडायचे आणि कुणी आलं की पाय दुखतोय म्हणायचे.

मधल्या वेळात डॉक्टर वारुळं खणत होते. जी मोडू नयेत म्हणून कात्रीनं गवत कापलं, ती स्वतःच्या हातानं फावड्यानं उकरून, माती जाड पिशव्यांत भरून बांधत होते. शुक्रवारी नवरा आला, त्यानं फावडं मागितलं. दिलं नाही. आई म्हणाली, "डॉक्टर, तासभर तरी पडा. मी बघते." त्यावर ते म्हणाले, "बाई, लोकांना वाटतं आमचं काम पेशंटला झोपवायचं. झोपवतो कुणीही. तो उठेपर्यंत शेजारी जागं राहायचं, त्याचा पगार असतो." आणि फावडं मारायला लागले. तेव्हापासून आई जेवणाचं ताट बाहेरच न्यायला लागली. दोघं कुंपणाकडे तोंड करून उभ्याउभ्या भाकरी खायचे. एकदा मी ऐकलं, आई म्हणाली, "मला शिव्या तरी द्या हो." डॉक्टर म्हणाले, "तुम्ही लेकीसाठी केलंत. मी पाटलांची भीती घालवली, त्याला तेवढंसुद्धा कारण नाही. माझा नुसता छंद."

पिशव्या कौन्सिलच्या विषारी कचऱ्याच्या जागी गेल्या. पाऊस पडला, पुन्हा पडला. हिरवळ नांगरल्यासारखी झाली होती. जुलैच्या सुरुवातीला मला मुलगी झाली. घरी आणलं त्या दिवशी डॉक्टरांनी तिच्याकडे लांबूनच, हात मागे बांधून पाहिलं, श्वास मोजल्यासारखं, आणि "उत्तम" म्हणाले. कुंपणाकडेच्या उरलेल्या वारुळांतून, जिथे पावडर पोचली नव्हती, तिथून मुंग्या पुन्हा हिंडायला लागल्या होत्या. त्यांनी भिंग घेऊन त्या तपासल्या आणि मग जाहीर केलं, आता येऊ द्यात.

ते खुर्चीत जाऊन बसले. पाटील कुंपणावर आले. काचेमागे डॉक्टरांचा आकार दिसला मात्र, ओरडत उडाले. डॉक्टरांनी टोपी घालून पाहिली. चश्मा काढला. खुर्ची मागे ओढली. शेवटी पडद्याच्या फटीतून बघायला लागले, तर तेवढी हालचालही पाटलांना कळली. मी आणि आई खिडकीत असलो तर ते कुंपणावर बसून राहायचे, नाइलाजानं का होईना सहन करायचे. ताट आईनं बडवलं होतं, पण बूट तिनं मारला नव्हता. डॉक्टरांची सावली त्यांना चालत नव्हती.

एके सकाळी मी मुलीला घेऊन खाली आले तर खिडकीतली खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर उशी ठेवली होती. "तिथे बसून पाज तिला. उजेड चांगला आहे," हॉलमधून डॉक्टर म्हणाले. ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते, स्वयंपाकघराचं दार अर्धवट लोटून, जिथून खिडकी दिसत नाही. त्या माणसाच्या खुर्चीत बसायची माझी हिंमत होईना. आईनं मला खांद्याला धरून बसवलं आणि स्वतः शेजारी मेथी निवडायला घेतली.

मग काही दिवस तसंच. मी खुर्चीत, ते पायरीवर. "आलेत?" ते विचारत. "आलेत," मी म्हणे. "एकटे?" "एकटे." "खातायत?" "खातायत." तेवढ्यावर ते उठत आणि पेपर वाचायला जात.

एके दिवशी मुलगी दूध पिता पिता झोपली होती आणि माझाही डोळा लागत होता. आईचा हात मेथीच्या जुडीवर थांबला.

"डॉक्टर," ती हळूच म्हणाली. "दोघं आहेत."

मी पाहिलं. कुंपणाखाली पाटील होते, आणि त्यांच्या मागे हातभर अंतरावर दुसरा एक, जरा लहान. "पाटलीणबाई असतील," डॉक्टर म्हणाले. "छातीवर बघा. ठिपके आहेत का?"

"आहेत," आई म्हणाली. "छातीवर, गालावर, सगळीकडे. तेच आहे."

पाटलांची आणखीही पिल्लं असतील, त्या दिवशी विष खाल्लेलं नेमकं हेच होतं हे कशावरून, असं मला वाटून गेलं. डॉक्टरांनाही वाटलं असणार. या सगळ्यातलं माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळत होतं. पायरी करकरली. ते उठून दाराशी आले होते. दाराच्या कडेवर त्यांची बोटं दिसली आणि दार किंचित हललं. कुंपणाखाली पाटलांनी मान ताठ केली.

"बसा खाली," आई म्हणाली. त्या घरात त्यांना असं कुणी बोललं नसेल. "उडतील."

बोटं दारावरून निघाली. पायरी पुन्हा वाजली.

"खातंय?" त्यांनी विचारलं.

"खातंय. आधी बापाच्या तोंडाकडे बघतंय, मग स्वतः टोचतंय. आता खड्ड्यापाशी गेलं, तुम्ही खणलेल्या. काही नाही तिथे, परत आलं. आता बाप भरवतोय."

"नीट उभं आहे? पाय लटपटत नाहीत?"

"चांगलं ठणठणीत आहे, डॉक्टर."

ते हुंदके देत होते, तोंडावर हात धरून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मी मुलीला छातीशी धरलं आणि हलले नाही.

"थांबू नका बाई," ते म्हणाले. "सांगत राहा."

आईनं मेथी बाजूला ठेवली, खिडकीशी सरकली आणि ती दोघं उडून जाईपर्यंत सांगत राहिली.